कुशीतली कळ

ओटीपोटात उजवीकडे किंवा डावीकडे, जांघेच्या जरा वर, एक कळ येते. कधी पाच-दहा मिनिटांत जाते, कधी दिवसभर ठणकत राहते. बाई तेवढ्यापुरती कमरेत वाकते, हातातलं काम उरकते आणि कुणाला काही बोलत नाही. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही. मावशीला गाठ निघाली होती. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या जावेला फार उशिरा कळलं. बीजकोशाचा कॅन्सर म्हणे आधी कळतच नाही. सकाळपर्यंत कळ गेलेली असते, धास्ती तशीच असते. पुढच्या महिन्यात कळ पुन्हा येते ती जास्त दुखते, कारण आता तिच्या जोडीला महिनाभराची काळजी असते.

दुखणंही खरं आणि धास्तीही खरी, पण दोन्हींचे उपाय वेगळे. दुखण्याला शेक, औषध, क्वचित शस्त्रक्रिया लागते. धास्तीला माहिती लागते, तीही नेमकी: हे कशाचं असू शकतं, कशाचं असण्याची शक्यता कमी आहे, कशासाठी आज रात्रीच दवाखाना गाठायचा आणि कशासाठी दोन महिने थांबलं तरी चालेल. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की नुकसान होतं. निव्वळ भीतीपोटी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या बायका आपल्या महाराष्ट्रात आहेत, आणि ‘काही नाही, मनाचं आहे’ एवढं ऐकून खरा आजार वर्षानुवर्षं अंगावर काढणाऱ्याही आहेत.

बीजकोश, म्हणजेच अंडाशय, गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन असतात. प्रत्येक साधारण कवचासकट बदामाएवढा, तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब. तो कमरेच्या हाडांच्या आत खोल असतो, त्यामुळे पोटावर बोट ठेवून ‘इथेच माझा बीजकोश दुखतोय’ असं खात्रीनं सांगता येत नाही. याचं कारण आपल्या जन्माआधीचं आहे. गर्भात बीजकोश तयार होतो तो वर, मूत्रपिंडाजवळ. मग तो हळूहळू खाली ओटीपोटात सरकतो, पण त्याची रक्तवाहिनी आणि मज्जातंतू वरूनच येत राहतात. त्याची धमनी थेट महाधमनीतून, मूत्रपिंडाच्या धमनीच्या जरा खालून निघते. त्याच्या वेदनेचा संदेश कण्याच्या ज्या पातळीवर पोचतो, तिथेच अपेंडिक्सचा आणि मूत्रवाहिनीचाही संदेश पोचतो. म्हणून बीजकोश दुखताना कळ बेंबीपाशी, कमरेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला जाणवते. आणि उलट, दुसरंच काही दुखत असताना आपण बीजकोशाला दोष देतो.

हे ‘दुसरंच काही’ फार वेळा असतं. बद्धकोष्ठ, आतड्यांचा चिडका स्वभाव ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, मुतखडा, लघवीचा जंतुसंसर्ग. लघवीच्या बाबतीत तर आपल्याकडच्या बायकांवर सक्तीच असते. बाजारात, शेतावर, एसटीच्या प्रवासात स्वच्छ स्वच्छतागृह नाही म्हणून त्या दिवसदिवस पाणी पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालली ती याच कारणानं. अशा बाईचं ओटीपोट दुखत असेल तर बीजकोशाआधी लघवीची साधी तपासणी करावी.

कधी दुखणं पोटाच्या आत नसतंच, पोटाच्या भिंतीतल्या स्नायूत किंवा तिथल्या बारीक नसेत असतं. कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जननं १९२६ मध्ये त्यासाठी एक सोपी परीक्षा सांगितली. पेशंटला उताणं झोपवायचं, दुखऱ्या जागी बोट ठेवायचं आणि तिला डोकं-खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर ते भिंतीत असण्याची शक्यता जास्त. कमी झालं तर आत. याला ना यंत्र लागतं, ना पैसे. तरी ही परीक्षा करायची राहून जाते आणि बाई सोनोग्राफीमागून सोनोग्राफी करत फिरते.

दुखणं बीजकोशाचंच आहे असं धरलं, तर किती दुखतं याच्याइतकंच कधी दुखतं हे महत्त्वाचं. पाळी सुरू झाली की बीजकोशात पाण्याच्या काही पुटकुळ्या वाढू लागतात आणि त्यातली बहुधा एक पुढे जाते. तिच्यात बीज असतं. रेग्निए द ग्राफ या डच वैद्यानं १६७२ मध्ये या पुटकुळ्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना आजही ग्राफियन फॉलिकल म्हणतात. बीज सुटण्याच्या सुमारास पुटकुळी दोन सेंटिमीटर किंवा थोडी जास्तच मोठी होते. साडेतीन सेंटिमीटरच्या अवयवात दोन सेंटिमीटरचा फुगवटा, दर महिन्याला! मग ती फुटते, थोडं पाणी आणि कधी थोडं रक्त पोटाच्या पोकळीत सांडतं आणि आतल्या नाजूक आवरणाला झोंबतं. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी एका बाजूला येणारी, काही तासांत किंवा फार तर दोन दिवसांत जाणारी कळ बहुतेक वेळा हीच असते. बीज सुटल्यावर मागे उरलेल्या जागेत कधी रक्त साठतं. तेव्हा पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात, एखादे वेळी व्यायाम करताना किंवा संबंधानंतर, एकदम जोराची कळ येते. रिपोर्टात त्याला हेमरेजिक सिस्ट म्हणतात. नाव ऐकूनच धडकी भरते, पण बहुतेकींचं हे रक्त दीड-दोन महिन्यांत आपोआप शोषलं जातं.

म्हणून दुखणाऱ्या प्रत्येकीनं एक वही करावी असं मी आग्रहानं सांगेन. मोबाइलमधलं ॲपही चालेल, पण वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवता येते. नोंद अशी असावी: ‘पाळीचा तेरावा दिवस. दुपारी तीनला उजवीकडे चमक, दहापैकी पाच. चालताना जास्त. रात्री शेक घेतला, झोप लागली. चौदावा दिवस, दोन. संध्याकाळी नाही.’ दुसऱ्या एखादीची नोंद अशी असेल: ‘पाळीच्या दोन दिवस आधीपासून दोन्ही बाजू आणि कंबर. दहापैकी आठ. शौचाला बसताना कळ. कामावर गेले नाही.’ पहिली नोंद वाचून डॉक्टर बहुधा बीज सुटण्याचं दुखणं म्हणतील. दुसरी वाचून त्यांनी एंडोमेट्रिओसिसचा विचार केलाच पाहिजे. वही नसती तर दोघीही ‘ओटीपोटात दुखतं’ एवढंच म्हणाल्या असत्या आणि दोघींना एकच गोळी मिळाली असती.

वहीचा उपयोग धास्तीलाही होतो. भ्यायलेल्या मनाला वाईट दिवस तेवढे आठवतात. तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की ‘सारखंच दुखतं’ हे कधी ‘महिन्यातले चार दिवस दुखतं’ असं निघतं. आणि सारखंच दुखत असेल तर तेही कागदावर दिसतं, मग कुणी ते उडवून लावू शकत नाही. मात्र नोंद दिवसातून एकदा करायची आणि वही मिटायची. तासातासाला पोट दाबून ‘अजून दुखतंय का’ हे बघत बसलं तर दाबून दाबूनच ती जागा दुखरी होते.

मग येते सोनोग्राफी. बाटलीभर पाणी पिऊन, लघवी रोखून, ‘इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखालच्या बाकावर तासभर बसायचं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा योनीमार्गातून केलेल्या तपासणीत बीजकोश जास्त स्पष्ट दिसतात. ती करायची का, हे आधी विचारून आणि बाईच्या संमतीनंच ठरवायचं असतं. ज्यांनी कधी संबंध ठेवलेला नाही त्यांची तपासणी पोटावरूनच होते. रिपोर्ट पाकिटात मिळतो आणि डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची असते. बाई घरी जाताना रिक्षातच पाकीट उघडते आणि एकेक शब्द मोबाइलवर शोधत जाते. सगळ्या प्रवासातली ही रात्र सर्वांत वाईट. तिला उपयोगी पडावं म्हणून रिपोर्टातले काही शब्द इथे उलगडतो.

‘सिंपल सिस्ट’, ‘ॲनइकोइक’, ‘थिन वॉल्ड’ हे शब्द एकत्र आले असतील तर ती पातळ कवचाची, आत नुसतं पाणी असलेली गाठ. पाळी चालू असलेल्या बाईत पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ती बहुधा त्या महिन्यातली न फुटलेली पुटकुळीच असते आणि दोन-तीन पाळ्यांत जाते. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शनानुसार एवढ्या साध्या गाठीसाठी पुन्हा सोनोग्राफीचीही सहसा गरज नसते. ‘मिनिमल फ्री फ्लुइड इन पीओडी’ म्हणजे गर्भपिशवीच्या मागे थोडंसं पाणी, जे बीज सुटल्यावर असतंच. ‘बल्की युटेरस’ म्हणजे गर्भपिशवी जराशी मोठी दिसली. एवढ्यानं तो आजार ठरत नाही. ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’, म्हणजेच पीसीओडी, हे तर आता घरोघरी माहीत असलेलं नाव. त्यात पाळी लांबते, वजन वाढतं, चेहऱ्यावर केस येतात; पण पीसीओडीनं सहसा पोट दुखत नाही. दुखण्याचं कारण म्हणून कुणी तेवढंच सांगून मोकळं झालं तर आणखी विचारावं. ‘डर्मॉइड’ ही जन्मजात पेशींपासून झालेली गाठ. तिच्यात चरबी, केस, कधी दातही सापडतो. ऐकायला विचित्र असली तरी बहुधा साधीच असते. मोठी होऊन पिळू नये म्हणून ती काढावी लागू शकते, तेव्हा बीजकोश शाबूत ठेवून नुसती गाठ काढता येते.

डॉक्टर ज्या शब्दांवर थांबतात ते वेगळे आहेत: ‘सॉलिड’, म्हणजे गाठीत घट्ट भाग, ‘पॅपिलरी प्रोजेक्शन’, म्हणजे आतल्या भिंतीवर कोंब, त्या भागात वाढलेला रक्तपुरवठा, पोटात बरंचसं पाणी. हे शब्द असतील तरी निदान झालं असं नव्हे, पण पुढची तपासणी लांबवू नये.

सोनोग्राफीला आपण भितो, म्हणून तिच्या सुरुवातीची एक हकिकत सांगितली पाहिजे. ग्लासगोमधले स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले होते. तिथे धातूतला तडा शोधण्यासाठी ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. त्यांनी तेच तंत्र पोटाच्या गाठींसाठी वापरून पाहायचं ठरवलं. एका बाईचं पोट फुगलं होतं, तिला पोटाचा कॅन्सर आहे आणि शस्त्रक्रियेची वेळ गेली आहे असं निदान झालेलं होतं. डोनाल्डनी यंत्र लावलं तेव्हा आत पाण्यानं भरलेली एक प्रचंड गाठ दिसली, बीजकोशाची. ती काढली आणि बाई बरी झाली. डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर सोनोग्राफीचं युग सुरू झालं. ज्या यंत्रासमोर आज बायका कॅन्सरच्या भीतीनं झोपतात, त्यानं अगदी सुरुवातीलाच एकीला त्या निदानातून सोडवलं होतं.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे काहीच नाही, असंही नाही. एंडोमेट्रिओसिस हा आजार नेमका इथे निसटतो. गर्भपिशवीच्या अस्तरासारखं ऊतक पिशवीबाहेर, बीजकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर रुजतं. बीजकोशात त्याचं जुनं, घट्ट, तपकिरी रक्त साठलं की त्याला चॉकलेट सिस्ट म्हणतात. अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये या गाठींचं सविस्तर वर्णन केलं. गाठ झाली असेल तर ती सोनोग्राफीत दिसते. बारीक ठिपके दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १९ कोटी मुली आणि बायकांना हा आजार आहे, आणि निदान व्हायला कित्येकींची अनेक वर्षं जातात. ती वर्षं कशात जातात हे आपल्या घरांतून ऐकू येतं: ‘पाळीत सगळ्यांनाच दुखतं.’ ‘लग्न झालं की थांबेल.’ ‘एक मूल झालं की जाईल.’ शाळा बुडण्याइतकं, उलट्या होण्याइतकं, संबंधाच्या वेळी दातओठ खाण्याइतकं दुखणं हे पाळीचं नेहमीचं दुखणं नाही, आणि मूल हा त्यावरचा उपचार नाही. पूर्वी खात्रीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावीच लागे. आता युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनानंतर लक्षणांवरूनही औषध सुरू करण्याला मान्यता आहे. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ असं म्हणून परत पाठवलेल्या मुलीनं आपली वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जावं.

आता तातडीचं. बीजकोश एका देठासारख्या बंधानं लटकलेला असतो. त्यात मोठी गाठ असेल तर तो स्वतःभोवती पिळला जातो आणि त्याचं रक्त अडतं. एका बाजूला एकाएकी असह्य कळ, सोबत मळमळ आणि उलट्या. कधी कळ येऊन गेलेली असते आणि काही तासांनी दुप्पट जोरानं परतते. हे उजवीकडे जास्त होतं, कारण डावीकडे मोठं आतडं बीजकोशाला वळायला फार जागा देत नाही. यात सकाळची वाट बघायची नाही. वेळेवर पीळ सोडवला तर काळानिळा दिसणारा बीजकोशही बहुतेकदा पुन्हा काम करू लागतो, त्यामुळे तो रंग बघून लगेच काढून टाकण्याची घाई आता करत नाहीत.

तितकाच धोका गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत राहिल्याचा. पाळी चुकलेली किंवा नेहमीपेक्षा वेगळी आलेली, एका बाजूला दुखणं, चक्कर, अंगाला घाम, कधी खांद्याच्या टोकाला दुखणं. ‘माझं ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?’ असं बायका म्हणतात. नसबंदीनंतर दिवस क्वचितच जातात, पण गेले तर ते नळीत राहण्याचा धोका बराच मोठा असतो. लघवीची गर्भचाचणी काही मिनिटांत होते. ओटीपोट दुखणाऱ्या, पाळी चालू असलेल्या कुठल्याही बाईची ती करायला लाजू नये आणि डॉक्टरनं विचारलं तर राग मानू नये. ताप, दुर्गंधीयुक्त पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं हे एकत्र असेल तर जंतुसंसर्ग. त्याला त्याच दिवशी औषध हवं, कारण उशीर झाल्यास नळ्या कायमच्या खराब होऊ शकतात.

राहिली ती मुख्य भीती. बीजकोशाचा कॅन्सर आपल्या देशात बायकांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखाच्या खालोखाल आढळतो आणि तो बऱ्याचदा उशिरा सापडतो, हे खरं आहे. पण तो बहुतेकदा पाळी जाण्याच्या वयात किंवा त्यानंतर होतो, आणि महिन्यातून एकदा येऊन जाणारी कळ ही त्याची रीत नाही. त्याची लक्षणं गुळमुळीत असतात: पोट फुगलेलं राहणं, चार घासांत पोट भरणं, ओटीपोटात किंवा पोटात जडपणा-दुखणं, वारंवार लघवीला लागणं. हे सगळं प्रत्येक बाईला कधी ना कधी होतं. अमेरिकेतल्या डॉ. बार्बरा गॉफ यांनी २००७ मध्ये त्यातला फरक मोजून दाखवला: लक्षण वर्षभराच्या आतलं, म्हणजे नवं असावं आणि महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस राहत असावं. पन्नाशीच्या पुढच्या बाईला असं झालं आणि ती ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा चावत राहिली, तर तिला दवाखान्यात घेऊन जाणं घरच्यांचं काम आहे. पाळी गेल्यानंतर नव्यानं सुरू झालेलं ओटीपोटाचं दुखणं कुठल्याही वयात तपासून घ्यावं.

‘मग रक्ताची कॅन्सरची टेस्टच करून टाकू’ असं अनेकींना वाटतं. ती टेस्ट म्हणजे सीए-१२५. रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ती शोधली आणि उपचार चालू असलेल्या पेशंटसाठी ती फार उपयोगी आहे. पण पाळी चालू असताना, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्येही तिचा आकडा ३५ च्या वर जातो. पोटाच्या क्षयरोगात तर तो काही शेकड्यांत जातो. पोटात पाणी, बीजकोशाजवळ गाठ आणि वाढलेलं सीए-१२५ बघून कॅन्सर वाटलेल्या बाईला क्षयरोग निघाला आणि ती गोळ्यांनी बरी झाली, असं आपल्या देशात घडतं; म्हणून तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं मानू नये. उलट बाजूनं, अगदी सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये जवळजवळ निम्म्या बायकांचा आकडा नॉर्मल असतो. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक बायकांवर या टेस्टचा आणि सोनोग्राफीचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, लक्षणं नसताना सरसकट तपासणी करून मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांच्या आईला, बहिणीला, आत्याला किंवा मावशीला स्तनाचा वा बीजकोशाचा कॅन्सर झाला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी बीआरसीए जनुकांच्या तपासणीबद्दल विचारावं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यासाठी कर्करोग-आनुवंशिकतेचं क्लिनिक आहे. या जनुकांतला दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्याकडचा इतिहास विसरू नये.

आणि एक दिलाशाची गोष्ट. ‘गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅन्सर होतो’ असं सर्रास बोललं जातं. स्तनाच्या बाबतीत थोडा धोका वाढतो, तो गोळ्या थांबवल्यावर कमी होत जातो. बीजकोशाच्या बाबतीत मात्र उलट आहे. ४५ अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, गोळ्या जितकी वर्षं घेतल्या तितका धोका कमी झालेला दिसला, आणि गोळ्या थांबवल्यावरही तो फायदा पुढे काही दशकं टिकला.

भीती अशी उघड्यावर सोडली की तिचा वापर दुसरेच करतात. अमेरिकेत रॉबर्ट बॅटी या सर्जननं १८७२ मध्ये पाळीच्या त्रासासाठी एका तरुणीचे बीजकोश काढले. पुढची काही दशकं अमेरिकेत आणि युरोपात ओटीपोटातल्या दुखण्यासाठी, फिट्ससाठी, ‘वेडा’साठी हजारो बायकांचे चांगले बीजकोश काढले गेले. हे जुनं झालं म्हणावं तर आपला बीड जिल्हा आहे. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न पुढे आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या कित्येकजणी दवाखान्यात गेल्या होत्या त्या अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य त्यांनी ऐकलं. पाळीत खाडा पडला की मजुरी कापली जाते, फडात स्वच्छतागृह नाही, उचल डोक्यावर आहे. अशा बाईला ते वाक्य पुरेसं होतं. तरुणपणी पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, पाळी जाण्याचे सगळे त्रास तिशीतच सुरू होतात. पुढे सर्वोच्च न्यायालयानंही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबत राज्यांना निर्देश दिले. म्हणून जिवावरची घाई नसेल तेव्हा ‘काढून टाका’ या सल्ल्यावर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा प्रत्येक बाईचा हक्क आहे. ‘कुठल्या तपासणीवरून काढायचं म्हणता, आणि नाही काढलं तर काय होईल?’ हा प्रश्न चांगल्या डॉक्टरला खटकत नाही.

मधल्या काळात दुखण्याचं काय करायचं? शेकाला कमी लेखू नये. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर किंवा कमरेत ठेवली की स्नायू सैल होतात आणि उष्णतेचा संदेश वेदनेचा संदेश काही अंशी अडवतो. त्वचा भाजेल इतकी गरम नको, मध्ये एक फडकं असावं. आयबुप्रोफेनसारखी गोळी कळ अगदी वाढल्यावर घेण्यापेक्षा सुरू होतानाच, काहीतरी खाऊन घेतली तर जास्त उपयोगी पडते. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर आधी विचारावं. मूल हवं असेल तर बीज सुटण्याच्या दिवसांत या गोळ्या टाळाव्यात. पाळीच्या दुखण्यासाठी आपल्याकडे दुकानातून सहज मिळणाऱ्या मेफेनामिक ॲसिडबद्दल भारतीय औषधकोश आयोगानं २०२३ मध्ये सावध केलं आहे: गोळी सुरू केल्यापासून काही आठवड्यांत ताप आणि अंगावर पुरळ आलं तर ती लगेच थांबवून डॉक्टरला दाखवायचं. दर महिन्याला बीज सुटतानाच हैराण होणाऱ्या बाईला गर्भनिरोधक गोळ्यांनी आराम पडतो, कारण त्यांनी बीज सुटणंच थांबतं. असलेली पाण्याची गाठ मात्र त्यांनी लवकर जात नाही. ती आपल्या वेळेनंच जाते.

दुखणं महिनोन् महिने चाललं की शरीर त्याची तयारी करून ठेवतं. बाई नकळत पोट आत ओढते, मांड्या आवळते, कटितळाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू दिवसभर ताठ राहतात आणि मग तेच दुखू लागतात. आतली गाठ गेली तरी हे स्नायू दुखतच असतात, आणि बाईला वाटतं गाठ परत आली. गुडघ्याखाली उशी घेऊन उताणं झोपावं, हात ओटीपोटावर ठेवून श्वास खाली हातापर्यंत घ्यावा आणि श्वास सोडताना बैठक सैल सोडावी. दिवसातून दोनदा, काही मिनिटं. पुण्या-मुंबईत आता कटितळाचे फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांच्याकडे जाण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. रोजचं चालणं सोडू नये. आणि घरात एका तरी माणसाला खरं सांगावं: नवऱ्याला, आईला, मोठ्या मुलीला. ‘मला भीती वाटतेय’ असंच सांगावं, कारण ‘पोट दुखतंय’ म्हटलं की घरचे ओव्याचा अर्क आणून देतात आणि भीती तशीच राहते.

दवाखान्यातून उठण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: डॉक्टरांना काय वाटतं, पुढची सोनोग्राफी कधी, आणि त्याआधी कशासाठी यायचं. पुन्हा सोनोग्राफी करायची असेल तर ती पाळी संपल्या संपल्या करावी, म्हणजे नव्या महिन्याची पुटकुळी जुन्या गाठीत मिसळून गोंधळ होत नाही. तारीख ठरली की मधले आठवडे मोबाइलवर शोधण्यात घालवायचे नाहीत. ज्या लक्षणांसाठी लगेच जायचं ती कागदावर आहेत. त्या तारखेला गाठ गेलेली दिसली आणि दुखणंही थांबलेलं असेल, तर फाइल बंद. गाठ गेली पण दुखणं उरलं असेल, तर तसं स्पष्ट सांगावं आणि तपास पुढे न्यावा: लघवी, आतडी, पोटाची भिंत, कटितळाचे स्नायू, एंडोमेट्रिओसिस, ज्या क्रमानं वही सांगेल त्या क्रमानं.